घाटात बंद केलेलं इंजिन

डिझेल वाचवायचं माझ्या नवऱ्याला वेडच. सकाळी टायर गार असताना हवा बघणं, एअर फिल्टर झटकणं, डिकीत बिनकामाचं एक पोतंही न ठेवणं, हे सगळं मलाही पटायचं. पण उतार लागला की किल्ली फिरवून इंजिनच बंद करणं हा शुद्ध येडेपणा होता. गाडी मी माहेरीच शिकले होते. गिअरमध्ये ठेवून उतरवली, पाय काढला, की डिझेल तसंही जळत नाही, हे शंभरदा सांगून झालं. पालथ्या घड्यावर पाणी! "तू मला लई शिकवू नको," एवढंच उत्तर.

लेकीचं जावळ काढून आम्ही तुळजापुरातून परत निघालो. बाकीची मंडळी जीपनं पुढं गेली होती. मी मागं बसलेली, लेक मांडीवर, तिच्या गोटा केलेल्या डोक्यावर कुंकवाचं स्वस्तिक. घाट सुरू झाला आणि नवऱ्यानं किल्ली फिरवली.

"अहो, चालू करा! पोरगी हाय गाडीत."

"गप बस. रोजचाच घाट हाय."

दोन वळणं ब्रेक लागला. स्टेअरिंग तर आधीच जड झालेलं. तिसऱ्या वळणावर पेडल दगडासारखं घट्ट झालं, इंजिनच बंद तर ब्रेकला जोर कुठला, आणि समोरून उसाचा ट्रक चढत आला. नवरा दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिला, किल्ली चाचपत राहिला. गाडी थांबेना. शेवटी सगळा जीव लावून त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली.

काच फुटून अंगावर आली. माझं तोंड पुढच्या सीटवर आपटलं, दात ओठात घुसला. लेकीचं डोकं लाल झालेलं, कुंकू की रक्त कळेना. आणि ती रडत नव्हती. मी तिला हलवलं, तोंडावर फुंकर घातली, तळपायावर चापट मारली. काही नाही. आयुष्यात मी इतकी कधी भ्याले नव्हते. पुन्हा मारली, जोरात. तेव्हा कुठं तिनं असा टाहो फोडला की ट्रकवाला पळत आला.

पदरानं तिचं डोकं पुसलं, जखम नव्हती, रक्त माझ्याच ओठाचं होतं. लेक ट्रकवाल्याच्या हातात दिली आणि पायातली चप्पल काढली. नवऱ्याला कॉलर धरून बाहेर ओढलं आणि भर रस्त्यात बडवलं. पाठीत, कानशिलात, जिथं बसेल तिथं. माणसं जमली. कुणीतरी "बाई, जाऊ द्या" म्हणत मधे आलं, त्यालाही एक बसली. नवऱ्याच्या नाकातून रक्त गळत होतं, पण त्यानं हातसुद्धा आडवा घातला नाही. ट्रकवाल्याच्या हातातल्या पोरीकडं बघत तो एकच विचारत होता, "रडतीय न्हवं पोरगी? खरंच रडतीय न्हवं?"

"रडतीय," मी म्हटलं, आणि आणखी एक हाणली.