बारवेतली लस

गाडीचं दार उघडायला गेलो आणि हात भाजला. पितळी मुठीवर फडकं टाकून दार ओढलं, तर आतून भट्टीसारखा झोत आला. ड्रायव्हर रशीदमियाँ मागे रस्त्याच्या कडेला बसून ओकत होते. इंजिन अर्ध्या तासापूर्वी बंद पडलं होतं. गाव समोर दिसत होतं, पण गाडी तिथवर जायला तयार नव्हती.

मी जनावरांचा डॉक्टर. निजामाच्या अमलात हिंगोली भागात माझी नेमणूक होती. ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं. आमच्या खात्याकडे एक मोटार होती. लॉरीच्या सांगाड्यावर लाकडी खोली बांधलेली, वर पत्र्याचं छत. आत एक बाज, औषधांचं कपाट, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप. दौऱ्यावर असताना डॉक्टरने तीत झोपावं अशी सोय होती. मी तीत राहतच होतो. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्यानंतर हिंगोलीतली भाड्याची खोली मी सोडून दिली. रशीदमियाँ गावातल्या मशिदीत किंवा ओळखीच्या घरी झोपत, मी गाडीत. लोक विचारत, घर कुठं? मी म्हणायचो, आज इथं.

कळमनुरीच्या पुढे, पैनगंगेच्या बाजूच्या एका गावात बुळकांडी आल्याची बातमी होती. हा गाईबैलांचा रोग. ताप चढतो, तोंडात फोड येतात, हगवण लागते, आणि आठवड्याच्या आत दावणीच्या दावणी रिकाम्या होतात. औषध नव्हतं. लस होती. रोगाचंच बी, पण दुबळं केलेलं. ती टोचली की जनावराला थोडा ताप येतो, उतरतो, आणि खरा रोग मग त्याला शिवत नाही. मात्र लशीतलं हे बी जिवंत असावं लागतं. उन्हात ते मरतं. मेलेली लस टोचणं म्हणजे पाणी टोचणं.

निघताना खात्याच्या साहेबांना म्हणालो होतो, "साहेब, हे ऊन काही खरं दिसत नाही. चार दिवस थांबू या."

"रोग थांबणार आहे का?"

"नाही. पण बर्फ गावापर्यंत टिकणार नाही."

"तुमच्याकडे मोटार आहे. बैलगाडीवाल्यांनी रडावं, तुम्ही कशाला रडता? निघा."

आगगाडीने आलेला बर्फ भुशात गुंडाळून लशीच्या पेटीत भरला आणि निघालो. कळमनुरी सुटली तेव्हा पेटीत बर्फाची खडी उरली होती. गाडी बंद पडली तेव्हा नुसतं कोमट पाणी.

गाडीचा दोष नव्हता. त्या उन्हात पेट्रोलची नळीतच वाफ होत होती, ते इंजिनपर्यंत पोचतच नव्हतं. झाडाखाली वटवाघळं पडली होती. सगळी मेलेली. गाडीतल्या भिंतीवरच्या उष्णतामापकातला पारा नळीच्या टोकाला जाऊन थांबला होता, त्याच्यापुढे आकडेच नव्हते. जनावरांचा ताप पाहायच्या तीन काचेच्या नळ्या होत्या. कपाटातल्या दोन फुटून पारा खणात सांडला होता. तिसरी लशीच्या पेटीत होती, ती तेवढी वाचली. त्या भागात एवढं ऊन पूर्वी कधी नोंदलं गेलं नव्हतं, हे नंतर हैदराबादहून कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की श्वास घेतला की नाक आतून पोळतं.

गावचा पाटील भला माणूस होता. माणसं पाठवून त्याने गाडी वेशीपर्यंत ढकलत आणवली. रशीदमियाँना ऊन लागलं होतं, त्यांना कळमनुरीच्या दवाखान्यात पाठवणं भाग होतं. पण बैलगाड्याही निकामी झाल्या होत्या. लाकूड सुकून आकसलं होतं, चाकांवरच्या लोखंडी धावा निसटून पडत होत्या. शेवटी एका गाडीची चाकं डबक्यात भिजत घातली, आणि ऊन कलल्यावर रशीदमियाँ त्या गाडीतून गेले. जाताना म्हणाले, "डॉक्टरसाब, इस डब्बे में मत सोना. मर जाओगे."

मला मोटार चालवता येत नव्हती. म्हणजे आता मी, बंद गाडी, आणि लस.

"जनावरं उद्या सकाळी जमवा," मी पाटलाला म्हणालो.

"जनावरं कुठून जमवू? गावात चारा न्हाई. सगळी खिल्लारं पैनगंगेकडं गेलीत. माणूस धाडतो, पर यायला दोन-तीन दिस लागतील."

"लस दोन-तीन दिवस टिकायची नाही."

"मंग काहून आणली?"

लस म्हणजे वाळवलेली पूड होती, काचेच्या बंद कुप्यांत. बर्फ नसला तरी गारव्यात ती थोडे दिवस तग धरते. गाडीत एक दुपारसुद्धा नाही. मी म्हटलं, विहिरीत ठेवू. पाटलाचा चेहरा बदलला. "पिण्याच्या पाण्यात ढोराचं आवशिद? गाव मला जित्ता ठेवंल का?"

त्याने मग गावाबाहेरची एक जुनी बारव दाखवली. वरच्या पायऱ्या ढासळलेल्या, पाणी फक्त गुरांना आणि मळ्याला. दोरी धरून मी खाली उतरलो. पाण्याच्या जरा वर दगडात एक खोल कोनाडा होता. पेटीवर ओलं पोतं टाकून ती तिथे ठेवली. पोतं वाळलं की पुन्हा भिजवायचं. अशा उन्हात ते पाहता पाहता वाळत होतं, म्हणून वर जाण्यात अर्थच नव्हता. मी तिथेच बसलो.

असे बसून दिवस काढले. वर आभाळाचा पांढरा चौकोन, खाली हिरवं पाणी आणि बेडूक. गाडीत एकटं राहायची मला सवय होती असं मी समजत होतो. पण गाडी चालते. रस्ता असतो, रशीदमियाँची बडबड असते, पुढचं गाव असतं. इथे काहीच हलत नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारी मी मोठ्याने स्वतःचं नाव घेतलं. कशासाठी घेतलं ते माहीत नाही. दगडांतून ते परत आलं तेव्हा दचकलो.

त्याच दिवशी संध्याकाळी वरून पोहरा सुटला आणि पाण्यात आपटला.

"कोन हाय खाली?"

"मी. जनावरांचा डॉक्टर."

"अगं बाई! पडले का काय?"

"नाही. बसलोय."

"काहून?"

मी लशीचं सांगितलं. वरची बाई म्हणाली, "म्हंजी तुमी आवशिद राखून राहिले. कोंबडी अंडी राखती तसं."

तिचं नाव कौसाबाई. शेजारचा मळा तिचा. नवरा वारलेला, मुलगा पलटणीत भरती झालेला, कुठे आहे ते तिला ठाऊक नव्हतं. नदीकडे न्यायला घरात माणूस नाही म्हणून तिची बैलजोडी गोठ्यातच होती. ती सकाळ-संध्याकाळ बैलांसाठी पाणी न्यायला येई. कठड्यापाशी तिची फक्त सावली दिसे, चेहरा दिसत नसे. पोहऱ्यातून कधी भाकरी, कधी कांदा आणि आंबील खाली येई.

"माझ्या बैलांना आधी टोचा की," ती म्हणाली.

"मावशी, एक कुपी फोडली की ती लगेच संपवावी लागते. एका कुपीत पुष्कळ जनावरं होतात. दोन बैलांसाठी फोडली तर बाकीची वाया जाईल."

"बरं. मंग सगळ्यांच्या आधी माझे."

"तुमचेच."

तिने मला विचारलं, "तुमचं घरचं मानूस?"

"नाही."

"लेकरू?"

"नाही."

वर पोहरा दगडाला घासल्याचा आवाज आला. "माझं हाय, पर असून न्हाई," ती म्हणाली आणि पाणी घेऊन गेली. त्या दोन दिवसांत मी तिच्या येण्याकडे कान लावून बसत होतो. हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

खिल्लारं आली. पहाटे, ऊन तापायच्या आत, आम्ही टोचायला सुरुवात केली. पहिले कौसाबाईचे बैल. पाटलाची एक गाय मी मुद्दाम न टोचता त्या बैलांच्याच गोठ्यात बांधून ठेवली. पाटलाला ते आवडलं नाही, पण कारण सांगितल्यावर तो तयार झाला. कारण असं: लस जिवंत असेल तर काही दिवसांनी जनावराला ताप येतो. पण त्या उन्हात सगळ्याच जनावरांची अंगं तापलेली. ताप उन्हाचा की लशीचा, हे कसं ओळखायचं? एकाच सावलीत एक न टोचलेलं जनावर हवं. ते थंड आणि टोचलेलं गरम, तरच लस लागली म्हणायची.

मग वाट पाहणं. रोज पहाटे उरलेल्या एका नळीने ताप बघायचो. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शेजारच्या गावात बैल मरू लागल्याची बातमी आली. पाटील आता माझ्याशी बोलत नव्हता. मी पुन्हा बारवेत जाऊन बसू लागलो. राखायला आता काही नव्हतं, पण दुसरीकडे जाण्यासारखी जागा नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे मी गोठ्याकडे निघालो तोच कौसाबाई ओरडतच आली. एरवी पदराआड असलेला तिचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. सुरकुतलेला, घामाने आणि रडण्याने ओला.

"मारला माझा बैल! चारा खाईना, कान पाडून उभा हाय. अंग निसतं फणफणून राहिलं!"

मी पळत गोठ्यात गेलो. नळी लावली. बैल तापला होता. दुसराही. पाटलाच्या गायीला लावली. तिला ताप नव्हता. मी पुन्हा लावली. नव्हताच.

मी हसलो. तिच्यासमोर हसायला नको होतं.

"लस लागली, मावशी! जिवंत होती!"

"हसून राहिला का रं मेल्या? तुला काय, तुझ्या दावणीला काय बांधलंय?"

मी समजावून सांगितलं. तिने ऐकलं नाही. त्या संध्याकाळी पोहरा खाली आला नाही. दुसऱ्या दिवशी ती गावातल्या विहिरीवरून घागरी वाहताना दिसली, एवढ्या उन्हात, एवढ्या लांबून. गोठ्यात मी ताप बघायला गेलो की ती पाठ करून उभी राहायची. गावभर जनावरांना ताप चढत होता, पाटील खुशीत होता, मला जेवायला बोलावत होता. मी गेलो, जेवलो. पण जेवताना लक्ष नव्हतं. दोन्ही बैलांनी चारा सोडला होता, आणि एवढ्या उन्हात लशीचा ताप त्यांना झेपेल की नाही हे मलाही खात्रीने सांगता येत नव्हतं.

ताप उतरला. आधी एकाचा, मग दुसऱ्याचा. मोठ्या बैलाने कडब्याला तोंड लावलं त्या दिवशी मी कोनाड्यातली पोती गोळा करत होतो. वरून आवाज आला.

"खाल्लं त्यानं."

"पाहिलं मी."

"शिव्या दिल्या मी तुमाला."

"चालायचंच."

"न्हाई चालत. पोरगं असतं तर त्यानं समजून घेतलं असतं, मला कळलं न्हाई." पोहरा खाली आला. आत आंबील होती. "प्या. आन् आता वर या. माणसानं असं बुडाला बसू न्हाई."

रोग त्या गावात आला. टोचलेल्या जनावरांतलं एकही गेलं नाही. टोचायच्या वेळी रानात चुकलेली दोन वासरं गेली. पाटलाची न टोचलेली गाय वेगळी बांधली होती, ती वाचली. शेजारच्या गावात किती गेली ते सांगवत नाही. त्या गावापर्यंत मी पोचलोच नव्हतो.

रशीदमियाँ बरे होऊन परतले आणि पहाटेच्या गारव्यात गाडी सुरू झाली. हिंगोलीला साहेबांनी गाडीभोवती एक फेरी मारली. उन्हाने सगळा रंग सोलून निघाला होता.

"लस कुठं ठेवली होती?"

"बारवेत."

"आणि गाडी?"

"उन्हात."

"गाडी सरकारी आहे हो," साहेब म्हणाले.

पुढची कितीतरी वर्षं मी त्याच गाडीत राहिलो, पण एक शिस्त लावून घेतली. गावात शिरलो की आधी विहीर कुठं ते विचारायचं, पाटलाचं घर नंतर. लस तिथं थंड राहते. आणि पाण्याला कोणी ना कोणी येतंच.