तिरकं अक्षर

आत्याने तीस वर्षं हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढले. फिल्म धुवायच्या औषधाचा वास तिच्या हातांना कायमचा चिकटला होता, आणि त्याच हातांनी ती माझी वेणी घालायची. मी नाक मुरडलं की म्हणायची, "तुझ्या डोक्यातल्या तेलापेक्षा बरा आहे!"

आता आत्या नाही. तिच्या काळातल्या फिल्म दाखवून मी कॉम्प्युटरला छातीचे आजार ओळखायला शिकवते. गडी भलताच हुशार निघाला, शंभरातले नव्वद आजारी बरोबर ओळखायचा. आम्ही हुरळून गेलो. मग कळलं, लबाड फुप्फुसाकडे ढुंकूनही बघत नाही! एक्स-रे काढताना डावी-उजवी बाजू कळावी म्हणून कोपऱ्यात शिशाचं अक्षर ठेवतात, तेवढंच बघतो. अक्षर सरळ तर माणूस ठणठणीत, तिरकं तर आजारी. दीड वर्षाचं संशोधन पाण्यात!

आत्याच्या हॉस्पिटलमधल्या जुन्या डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले.

"तुझ्या आत्याचं काम. पेशंटचा श्वास ऐकूनच तिला शंका यायची, पण निदान बोलायची तिला मुभा नव्हती. मग अक्षर तिरकं ठेवायची. ती फिल्म मी आधी बघायचो."

चरफडत मी एकेका फिल्मचा तो कोपरा कापायला बसले. चौथ्या दिवशी बाबांची फिल्म आली. अक्षर जवळजवळ आडवं होतं.

ती फिल्म काढली त्या संध्याकाळी माझी वेणी घालता घालता आत्या बाबांना म्हणाली होती, "काही नाही रे दादा, साधा खोकला आहे."

वेणी मात्र इतकी आवळली होती, की मी तिच्यावर ओरडले होते.