रबराला विटाळ असतो का?

राजाजीनगरच्या आमच्या घरात पाळी आली की तीन दिवस न्हाणीशेजारच्या खोलीत बसायचं. आपल्याला कुणी शिवायचं नाही, आपणही कशाला शिवायचं नाही. त्या खोलीत बसायचा मान माझ्या एकटीचा, कारण घरात माणसं तीनच. अण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांची थोरली विधवा बहीण अक्का, आणि मी. आई मला आठवतच नाही. मला वाढवलं अक्कानं. एरवी डोक्याला तेल थापताना माझी मान घट्ट धरून ठेवणारी ही बाई त्या तीन दिवसांत दारातूनच बोलायची. पोटदुखीपेक्षा मला त्याचाच राग जास्त यायचा.

आणि पोट तर असं दुखायचं की विचारू नका. अक्काचा इलाज एकच, शेक. जाडं मीठ तव्यावर भाजून ती अण्णांच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि पुरचुंडी उंबऱ्यात ठेवून मागं सरायची. ती पोटाशी धरली की कळ जरा सैल पडे. पण मीठ निवलं की संपलं. सुती फडकं मला शिवलेलं, ते परत चुलीपाशी कसं न्यायचं? मग नवं मीठ, नवं फडकं. फडकी संपली की मी नुसती कण्हत पडायची.

माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या, वर्षी अण्णांनी दंडूतून गरम पाण्याची रबरी पिशवी आणली. कॅन्टोन्मेंटला आमच्याकडे कानडीत दंडूच म्हणत. पिशवी आली आणि घरात पेच पडला. निवलेली पिशवी पुन्हा भरायला न्हाणीतल्या हंड्यापाशी न्यायची, तर रबराला विटाळ असतो का? सुताला असतो, लोकरीला नि रेशमाला नसतो, एवढं अक्काला पाठ होतं. रबराचं कुणी काही सांगूनच ठेवलं नव्हतं. दिवसभर ती पिशवी चाचपून बघत होती. संध्याकाळी निकाल लागला.

"रबर म्हणजे झाडाचा चीक. चिकाला कसला आलाय विटाळ!"

"कापूसपण झाडाचाच की, अक्का."

"तू स्वल्प गप्प बस गं," ती म्हणाली, आणि चिकाचं चुकलंच तर असावी म्हणून पिशवीला लोकरीची खोळ विणायला बसली. लोकर थोडी कमी पडली, त्यामुळे खोळ आखूड झाली.

परीक्षेत गणिताच्या पेपराच्या सकाळीच पाळी आली. पेपर बुडाला तर वर्ष बुडणार, आणि वर्ष बुडालं की तुझ्या लग्नाचं बघायचं, असं अण्णांनी आधीच सांगून ठेवलेलं. मी चटईवर पोटात पाय घेऊन पडले होते. पिशवी धरायचंही त्राण नव्हतं. बाहेरून अण्णा म्हणाले, "जमत नसेल तर राहू दे. पुढचं पुढं बघू." ते पुढचं काय, ते मला ठाऊक होतं. मला रडू आलं.

तेवढ्यात अक्का भरलेली पिशवी घेऊन आली. ती उंबऱ्यात थांबली नाही. आत येऊन माझ्याशेजारी बसली आणि दोन्ही हातांनी पिशवी माझ्या पोटावर दाबून धरली.

"मध्ये लोकर आहे," ती म्हणाली.

ऊब हळूहळू आत उतरू लागली. कंबर मोकळी झाली, श्वास नीट यायला लागला. डोळे उघडून बघते तर अक्काची बोटं आखूड खोळीच्या पलीकडे, सरळ माझ्या सुती परकरावर टेकलेली.

"अक्का, तुझा हात..."

तिनं हात काढला नाही, उलट जरा जोर दिला. मग अण्णांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "लोकरीला विटाळ नसतो!" आणि मला हळूच, "ऊठ आता, बरं का. सरी?"

पेपर मी लिहिला. त्या वर्षी पासही झाले. पण मला आठवतं ते घरातून निघतानाचं. अक्का आता पुन्हा आंघोळ करणार म्हणून मी न्हाणीकडे पाहिलं. न्हाणीत कुणी नव्हतं. अक्का थेट चुलीपाशी गेली होती आणि त्याच हातांनी तांदूळ धूत होती.