आईने धुतलेली पानं

"काही नाही हो, धाटं कुटते," नोकरीबद्दल कोणी विचारलं की आई एवढंच सांगून मोकळी व्हायची.

खरं तर ती एका संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत होती. पिकांची वाळलेली धाटं, पाचोळा, भुसा यांत नेमकं काय किती भरलंय, हे काढायचं तिचं काम. धाटं भट्टीत कोरडी करायची, गिरणीत दळायची, मग ते पीठ जहाल आम्लात घालून ढवळत बसायचं. साखर होण्याजोगा सगळा भाग विरघळून गेला की तळाला काळपट गाळ उरतो. झाडाला ताठ उभं ठेवणारं द्रव्य ते, लिग्निन. तो गाळायचा, वाळवायचा, जोखायचा. एवढ्या सगळ्या उस्तवारीनंतर हाती काय, तर एक आकडा. आईच्या आकड्यावर संस्थेतले लोक डोळे मिटून विश्वास ठेवायचे. पण तो बघायला कोणी यायचं नाही. आकड्यात बघायचं तरी काय?

काका-काकू आमच्याच घरात राहायचे. काकू म्हणजे आईची धाकटी जाऊ. शिकलेली, हुशार, आणि लग्नानंतर घरी बसून कंटाळलेली. संस्थेत वरच्या मजल्यावर जागा निघाल्याचं आईनेच तिला सांगितलं. "दोघी जावा बरोबर जाऊ," असा विनोदही केला. काकूची निवड झाली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आईला झाला होता. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढचं ऐकून कोणालाही ते खरं वाटणार नाही.

वरच्या मजल्यावर पेशींपासून ऊती वाढवायचे. काकूच्या वाट्याला हृदयाच्या पेशी आल्या. काचेच्या बशीत, उबदार कपाटात त्या वाढायच्या आणि एके दिवशी आपल्या आपणच धडधडायला लागायच्या. सूक्ष्मदर्शकातून ते बघताना भल्याभल्यांच्या तोंडून "अरे बापरे" निघायचं. संस्थेत पाहुणे आले की थेट वर जायचे. आईची खोली जिन्याच्या तोंडाशीच होती. ते तिच्या दारावरून जायचे.

घरीही तेच. कोणी आलं की बाबा कौतुकाने ओळख करून द्यायचे, "ही आमची भावजय. हृदय बनवते!" मग आईकडे हात करून, "आणि ही पण तिथेच असते."

"पण तिथेच" हे दोन शब्द आईच्या जिव्हारी लागले होते. बाबांना त्याचा पत्ताही नव्हता. आई मात्र भांडी आदळायला लागली. काकूने नवा ड्रेस घेतला की, "छान आहे, पण तुझ्या रंगाला उठत नाही." काकूचा फोन जरा लांबला की, "मोठ्या माणसांची कामंही मोठी, बाई." काकू हसून सोडून द्यायची, आणि त्या हसण्याने आईचा आणखी तिळपापड व्हायचा.

अशात सरांच्या डोक्यात एक कल्पना आली. सर म्हणजे दोन्ही विभागांचे प्रमुख. जाडसर ऊती वाढवायची तर आतल्या पेशींपर्यंत अन्नपाणी पोचवायला बारीक नळ्यांचं जाळं हवं. ते माणसाने घडवणं महाकठीण. पण झाडाच्या पानात ते आयतं असतं, शिरांच्या रूपाने. मग पानातल्या पेशी धुऊन काढायच्या, नुसता सांगाडा ठेवायचा आणि त्यावर हृदयाच्या पेशी वाढवायच्या. पानांचं काम आईकडे आलं, पेशींचं काकूकडे.

आई खुलली. देठात बारीक सुई बसवून ती पानातून साबणाचं पाणी थेंबाथेंबाने सोडायची. हिरवा रंग हळूहळू उतरायचा आणि शेवटी बशीत उरायचं काचेसारखं आरपार पान, एकूण एक शीर जागच्या जागी. मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचं. हे धुणं फार महत्त्वाचं, कारण साबणाचा अंश जरी राहिला तरी वर टाकलेल्या पेशींची आवरणं फुटतात. आईने केलेलं पहिलं पान मी पाहिलंय. त्या दिवशी तिने मला शाळेतून परस्पर तिकडे नेलं होतं. "हात लावू नको हं," असं ती मला निदान दहादा म्हणाली असेल.

काकूच्या पेशी त्या पानावर रुजल्या, आणि मोठी पाहुणेमंडळी बघायला आली. आई पानांची नवी बशी घेऊन वर गेली आणि दारातच थबकली. सर सांगत होते, "हे पान आमच्या ह्या बाईंनी तयार केलं," आणि हात काकूकडे होता. काकूने तोंड उघडलं नाही. कदाचित संकोचली असेल, कदाचित सरांना अडवायला धजली नसेल. आईने बशी बाहेरच्या टेबलावर ठेवली आणि ती खाली आली.

त्यानंतर आईने पानं धुताना हात आखडता घेतला. पहिल्या दिवशी घरी लवकर जायचं होतं, असं तिने स्वतःला सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कारणही लागलं नाही. पान दिसायला तसंच सुंदर, आरपार. साबण डोळ्यांना कुठे दिसतो?

वर काकूच्या पेशी मरायला लागल्या. टाकल्या की गोल व्हायच्या, सुटून तरंगायच्या. काकूने उबदार कपाट पुसून काढलं, द्रव बदलला, हातमोजे बदलले, शेवटी स्वतःवरच संशय घेतला. जेवताना ताटात नुसती बोटं फिरवायची. सर पानांविषयी विचारायला खाली आले, तेव्हा आई म्हणाली, "नेहमीसारखीच आहेत." आईने कधी चुकीचा आकडा दिला नव्हता, त्यामुळे विषय तिथेच संपला.

त्या काळात आई घरी गुणगुणायची. ताजीतवानी दिसायची. काकूला विचारायची, "झोप लागते ना गं नीट?"

शेवटी सरांनी काकूला त्या कामातून काढायचं ठरवलं. काकू नोकरीच सोडायला निघाली. त्याआधी एका दुपारी ती आईच्या खोलीत आली.

"वहिनी, वर येता का जरा? मी काम करते, तुम्ही नुसतं बघा. माझा हात कुठे चुकतो ते मला दिसतच नाहीये."

आई गेली. काकूने तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी साध्या बशीतल्या पेशी दाखवल्या. त्या धडधडत होत्या. मग पानावरच्या. एकही हलत नव्हती. काकू बाजूला उभी राहून आपण काय काय केलं ते शाळेतल्या मुलीसारखं सांगत होती.

"तुझं काही चुकत नाहीये," आई म्हणाली. "पानांत साबण आहे. मी धुणं अर्धवट सोडते."

"म्हणजे? विसरून?"

"नाही."

काकूला कळायला वेळ लागला. मग ती म्हणाली, "झोप लागते का म्हणून रोज विचारत होतात मला. रोज!"

आई उठली. सरांच्या खोलीत जाऊन तिने स्वतःच सगळं सांगितलं. सर आवाज न चढवता बोलले, ते तिला जास्त लागलं. पानांचं काम तिच्याकडून गेलं. तिचे आकडे आता दुसरं कोणीतरी पुन्हा तपासून बघायला लागलं. काका-काकूंनी वेगळं घर घेतलं. बाबा महिनोन्‌महिने म्हणत राहिले, "पण का? काय कमी होतं तुला?" आईने त्यांना ते कधीच समजावून सांगितलं नाही.

काकूने पानं धुणं स्वतः शिकून घेतलं. पहिली बरीच फाटली. पुढे बऱ्याच दिवसांनी तिने खाली निरोप धाडला, वर येऊन जा म्हणून. आई गेली तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली पान होतं आणि ते अख्खं, शिरांसकट, लयीत आकसत होतं, सैल होत होतं.

"बघून घ्या," काकू म्हणाली. "सुरुवात तुम्ही केली होतीत." बसा म्हणाली नाही, चहा विचारला नाही.

आई घरी आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. मी विचारलं, "बरं वाटलं का गं बघून?"

"हेवा वाटला," ती म्हणाली.

"अजून?"

"त्या पानाचा नाही गं. तिने मला बोलावलं ना, त्याचा. मी तिच्या जागी असते तर नसतं बोलावलं."

मग तिने गॅस पेटवला आणि मला कणीक मळायला सांगितली.