चावी कुकरात, गाडी उघडी

मागच्या गल्लीतली गाडी चोरीला गेली तेव्हा सगळ्यांत जास्त मी घाबरलो. गाडी माझी नव्हती. माझ्याकडे तर सायकलही नाही. पण नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत नववीत शाळा सोडलेला, कणकवलीकडून आलेला, मालकाच्या घरामागच्या खोलीत राहणारा ड्रायव्हर मी एकटाच. आमची गाडी गेली तर पहिलं बोट कुणाकडे जाणार? ज्या हॉटेलासाठी मी नागपूरला आलो ते बंद पडलं, तेव्हा मालकांनी, म्हणजे काकांनी, मला ठेवून घेतलं, गाडी शिकवली, लायसन्स काढून दिलं. त्यांच्या डोळ्यांत शंका दिसली असती, तर मला सहन झालं नसतं.

आमची गाडी अशी, की चावी खिशात असली तरी पुरे. दाराची दांडी ओढली की उघडते. चोर त्या चावीचा सिग्नल घराबाहेरूनच पकडतात, असं काकांनी वाचलं आणि सिग्नल अडवणारी तीन पाऊचं मागवली. आतून चंदेरी अस्तर, तोंडाला वेलक्रो. "पास होईल ते ठेवू, बाकीचे वापस," काका म्हणाले.

रविवारी सकाळी परीक्षा सुरू झाली. चावी पहिल्या पाऊचात घालून काकांनी दांडी ओढली. दार उघडलं. दुसऱ्या पाऊचालाही उघडलं. तिसऱ्यालाही.

"काका, चिवड्याच्या पाकिटात टाकून पाहा," शेजारी गेटवरून म्हणाले.

"तुम्ही पेपर वाचा गा!"

मी नेहमीसारखा दाराला लागून उभा होतो. घाम पुसायला रुमाल काढला तर बोटांना दुसरी चावी लागली. गाडी धुवायला सकाळी काकांनीच दिलेली.

आता सांगावं, तर लपवून ठेवली असं वाटणार. न सांगावं, तर चांगली पाऊचं परत जाणार आणि चोराला रान मोकळं. मी हळूच मागे सरकलो.

"कुठं चालला? दारापाशी उभा राह!"

काकांनी पाऊचात पाऊच घातलं, ते डब्यात घातलं, तरी दार उघडलं. मग ते आतून कुकर घेऊन आले.

"काय करून राहिले तुम्ही?" काकू मागोमाग धावल्या. "मले वरण लावायचं हाये!"

"थांब वं! एवढं जाड भांडं हाये, याच्यातून काहून निघंल सिग्नल?"

"शिट्टी लावा," शेजाऱ्यांनी सुचवलं. काकांनी खरंच लावली. कुकर काखेत धरून दांडी ओढली. दार उघडलं. काका कुकराकडे असे बघत राहिले, जणू त्याने दगा दिला.

मला राहवलं नाही. चावी हातावर ठेवून पुढे केली. "काका, ही माझ्या खिशात होती."

काकांनी चावीकडे पाहिलं.

"कवापासून?"

"पहिल्यापासून. कळलं मात्र तिसऱ्या पाऊचानंतर. तुम्हाला वाटेल मी..."

"चोर असता त कुकर येईपर्यंत थांबला असता का तू?" काका म्हणाले. "भेकड कुठला!"

काकूंनी कुकर ओढून घेतला. माझ्याकडची चावी घरात ठेवून पुन्हा परीक्षा झाली. तिन्ही पाऊचं पास. काकांनी वापस एकही केलं नाही. दुसरी चावी एका पाऊचात घालून त्यांनी माझ्याच हातात दिली. "ही तुह्याजवळ राहू दे."

तेव्हापासून ती आत आहे ना, हे बघायला मी दिवसातून दहादा पाऊच उघडतो. काका ओरडतात, "उघडून काहून पाहतं गा? सगळा सिग्नल बाहेर सांडून राहिला!"

मी घाईने बंद करतो. आणि मग, नीट बंद झालं का, म्हणून पुन्हा उघडतो.