सूर्याला बत्ती

हे माझ्या तोंडून आजवर कधी निघालं नाही. तुम्हाला म्हणून सांगतो. चौथी शिकलेला माणूस मी, हाताला पेनाची सवय नाही — फोटोची आहे.

तसं माझं बरं चाललंय. नेरूळचं फोटोचं दुकान मुलगा बघतो. गुडघे कुरकुरतात, पण चहा वेळेवर मिळतो. जुनी माणसं अजून म्हणतात, उन्हातला फोटो काढावा तर काकांनीच. ऐकून छाती फुगते. आणि लगेच — कसं सांगू — खाली बसते.

नव्वद सालानंतरची गोष्ट. सारसोळ्यात लग्न होतं, मुहूर्त दुपारचा, फोटो खाडीकडेला उघड्यावर. निघताना माझी बायको शालन म्हणाली, "फ्लॅशमध्ये नवे सेल घातलेत. ऊन डोक्यावर असलं की तोंडावर सावली पडते. भर उन्हातही फ्लॅश मारा." दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. मी म्हणालो, "सूर्याला आता बत्ती दाखवू का?" सगळे हसले. तीही हसली. फ्लॅश पिशवीतच राहिला.

फोटो धुऊन आले. आभाळ झकास, खाडी झकास. बाशिंगाखाली नवरीचं तोंड — नुसतं काळं.

नवरीची आई दुकानात आली. एकेक फोटो उजेडाला धरून बघितला. "भाऊ, माझे पोरीचा तोंड कुठं हाय?"

काय अवघड होतं? माझी चूक झाली — एवढंच बोलायचं होतं. मी शालनकडे बोट केलं. ऊन दाबायची एक काळी काच असते, फिल्टर म्हणतात. म्हणालो, हिनं पुसापुशी करताना ती कॅमेऱ्यावर तशीच ठेवली.

काच तर डबीत होती. मी लग्नाला नेलीच नव्हती. डबी टेबलावर, शालनच्या हाताशी. उघडून दाखवली असती तर माझं तोंड काळं झालं असतं. तिनं डबी हळूच खणात सरकवली आणि त्या बाईला म्हणाली, "चुकलं माझं, ताई."

त्यानंतर तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. फ्लॅशमध्ये सेल मात्र घालत राहिली. पुढच्या लग्नापासून मी भर उन्हात फ्लॅश मारायला लागलो, आणि माझं नाव झालं.

परवा एकानं विचारलं, काका, ही युक्ती कुणाची हो? मी म्हणालो, माझीच. शालन शेजारी बसून शेंगा सोलत होती. तिनं दाण्यांची वाटी माझ्यापुढं सरकवली.

युक्ती तिची होती, चूक माझी होती. आणि दाणे मी खाल्ले.