पहिला खराटा

केशोरीकडच्या जंगलात मी वनरक्षक आहे. लोक नाकेदार म्हणतात. मोह फुलायला आला की भोंगा घेऊन गावात फिरायचे: जंगलात पाला जाळायचा नाही. बांधावर काही जाळायचेच तर आधी नाक्यावर कळवा, भोवतीची जागा साफ करा, पाणी हाताशी ठेवा, राख थंड होईपर्यंत हलू नका. लोक माना डोलावतात आणि माझी पाठ फिरली की काडी ओढतात. पालथ्या घड्यावर पाणी!

मोहफुले पहाटे गळतात आणि वाळल्या पाल्यात हरवतात. पाला जाळला की काळ्या जमिनीवर पिवळी फुले पटकन वेचता येतात. दवाने आग आपोआप विझते, अशी इथली जुनी समजूत. मला त्या समजुतीची चीड येते, कारण तिने आमचा खुशाल नेला.

खुशाल वणव्यावर नजर ठेवायला आमच्याकडे हंगामी कामावर होता. कोणाच्या तरी मोहाखालून सुटलेली आग हिरव्या फांदीने झोडपताना वारा फिरला. भाजला, आणि दवाखान्यात त्याने प्राण सोडला. आग कोणी लावली, हे मी घरोघर विचारले. गावाने तोंड उघडले नाही.

तेव्हापासून त्याची बायको भागीरथा दरवर्षी खराटा घेऊन निघते आणि जंगलकडेच्या मोहांखालचा पाला झाडते. आपल्याच नाही, दुसऱ्यांच्याही. बाईचे डोके फिरले, असे लोक म्हणाले. ती उपदेश करत नाही, नुसती झाडते. सुरुवात नेहमी शेजारच्या अनुसयाबाईच्या झाडापासून. म्हातारीची कंबर गेली म्हणून असेल, असे मला वाटायचे.

यंदा भागीरथा तापाने पडली आणि उशीर झाला. एके सकाळी ती कशीबशी निघालेली दिसली, तेव्हा मीही सोबत गेलो. अनुसयाबाईची सून रेणू मोहाखाली पाल्याचा ढीग करून बसली होती. म्हातारी काठी टेकून बाजूला उभी. आम्ही पोचतो तोच रेणूने काडी ओढली. भागीरथाने पुढे होऊन ती चिमटीत विझवली.

"कायले विझवलं, काकी?" रेणू चिडली. "पोरगी घरी रडून राहिली. एका काडीनं काय होते?"

 उत्तर दिले ते अनुसयाबाईने.

"हिचा खुशाल गेला," ती म्हणाली. "माह्या काडीनं." मग माझ्याकडे वळली. "नाकेदार, लिवून घे."

इतकी वर्षे हेच विचारत फिरलो होतो, आणि आता वही खिशातच राहू दिली.

भागीरथाने खराटा उचलला.

"मालूम आहे, बाई. त्यानं तुले काडी लावताना पायलन होतं. दवाखान्यात मले सांगतलन. म्हणे, तिले बोलू नोको, थे जीव देल." ती पाला ओढू लागली. "म्हणून दरसाल पयला खराटा तुह्याच झाडाखाली."

अनुसयाबाईने काठी टाकली, खाली बसली आणि दोन्ही हातांनी पाला गोळा करू लागली.